विष्णुपंतांची चूळ

१

नगरच्या दिवाणी कोर्टातले शिरस्तेदार विष्णुपंत यांची जीभ मोठी नावाजलेली होती. बोलण्यात नव्हे, बोलायला ते इतके मऊ, की त्यांचं वाक्य संपेपर्यंत पट्टेवाल्याला जांभई येई. त्यांची कीर्ती होती चवीची. लग्नकार्यात आमटीचं पातेलं चुलीवरून उतरलं, की आचारी आधी विष्णुपंत कुठल्या पंगतीला बसलेत ते डोकावून बघत. एका मुंजीत त्यांनी पहिला भुरका मारला आणि यजमानांना हळूच विचारलं, "पाणी दोन विहिरींचं आहे का हो?" होतंच! सकाळी रहाट मोडला म्हणून निम्मं पाणी शेजारच्या आळीतून आणलेलं. आचाऱ्याने तिथेच कानाला हात लावला.

एवढ्या चोखंदळ जिभेच्या माणसाशी संसार करणं म्हणजे रोजची परीक्षा, असं बायका दमयंतीबाईंना म्हणत. दमयंतीबाई हसून सोडून देत. मुलगी लग्न होऊन संगमनेरला गेल्यापासून घरात दोघंच होती. नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाक जिभेला लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. त्यामुळे मीठ किती पडलं, गूळ किती, ते वासावर आणि हाताच्या अंदाजावर. देवाचा नैवेद्य झाला, की विष्णुपंतांचं पान वाढायचं, हातात पळी घेऊन त्यांच्या उजव्या खांद्याशी उभं राहायचं आणि पहिला घास पोटात गेला की विचारायचं, "कशी झालीय?"

या प्रश्नाचं उत्तर विष्णुपंतांनी एका शब्दात कधी दिलं नाही. "दगडफूल आज अंमळ पुढे आलंय. चिंच नवी काढलीस वाटतं. पण फोडणी मात्र, काय सांगू, अगदी नेमक्या क्षणी उतरवलीस!" एवढं ऐकलं की दमयंतीबाई पदराआड हसायच्या आणि मग स्वतःचं पान घ्यायच्या. बायकोवर आपला जीव आहे असं तोंडाने सांगायची तेव्हा पद्धत नव्हती. विष्णुपंत ते रोज आमटीवरून सांगत, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

२

कोल्हारच्या आबासाहेबांची बांधाच्या भांडणातली तारीख विष्णुपंतांच्या कोर्टात होती. तिथे त्यांच्या कानावर मुंजीतली ही दोन विहिरींची गोष्ट आली, आणि तारीख बाजूला ठेवून ते थेट पंतांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"पंत, माझं एक काम हाय. तुमच्याबिगर व्हनार न्हाई."

काम मोठं गमतीचं होतं. आबासाहेबांच्या मळ्यात प्रवरेच्या अंगाला त्यांच्या आजोबांनी लावलेल्या द्राक्षांच्या वेली होत्या. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या, मांडीएवढ्या बुंध्याच्या, काळ्या हबशी जातीच्या. नव्या वेलीला घोस लटकतात तसे त्यांना लटकत नसत. माल थोडा, मणी बारीक, साल जाड, आणि रस मात्र काळाभोर. युद्धामुळे विलायती बाटल्या यायच्या थांबल्या आणि नगरच्या छावणीतल्या साहेबलोकांचे घसे कोरडे पडले. आबासाहेबांनी परवाना काढला, एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडून कृती शिकून घेतली आणि लाकडी पिंपं भरली. एका पिंपात जुनी हबशी, दुसऱ्यात काळी साहेबी, तिसऱ्यात आंबटढाण भोकरी. आता हे तिन्ही रस कुठल्या मापाने एकत्र करायचे, हे ठरवायला जीभ हवी. आणि आबासाहेबांच्या गळ्यात तुळशीची माळ!

"गड्यास्नी चाखाय दिलं," ते म्हणाले, "तर त्ये तिनी पिंपांला बेस म्हनत्यात. अन् पुन्यांदा मागत्यात."

विष्णुपंत दोन दिवस विचारात पडले. ब्राह्मणाने वाइन प्यायची? पण प्यायची कुठे आहे? घशाखाली उतरलं तर प्यालो. गाल आणि जीभ ही नुसती ओसरी. घर घशापासून सुरू होतं. ओसरीवर कुणीही येऊन बसतं, म्हणून काय घर बाटतं? हा युक्तिवाद त्यांना स्वतःलाच इतका आवडला की दसऱ्यानंतरच्या रविवारी ते कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसून, नाकातोंडात काजळी भरून घेत, कोल्हारला उतरले. साल होतं त्रेचाळीस.

तो दिवस त्यांच्या आयुष्यातला फार सुंदर दिवस. पिंपांच्या खोलीत थंडावा होता, ओल्या लाकडाचा आणि पिकलेल्या जांभळासारखा वास होता. त्यांनी काचेचा पेला दाराच्या उजेडात धरला. हबशी कडेला माणकासारखी तांबडी आणि मध्ये इतकी गडद, की पलीकडचं बोट दिसेना. वास घेतला. मग घोट तोंडात घेऊन, गालातून गालात फिरवत, डोळे मिटून ते उभे राहिले. आधी तुरटपणा आला, चांगल्या सुपारीचा. मग मागून काळ्या मनुकांचा गोडवा, आणि अगदी शेवटी, सगळं गेलं असं वाटल्यावर, पावसानंतरच्या ढेकळाची चव जिभेच्या मुळाशी बराच वेळ रेंगाळली.

"आबासाहेब," ते भरल्या गालांनीच काहीतरी म्हणाले, आणि मग प्रश्न पडला की चूळ टाकायची कुठे. अंगणात तुळशीवृंदावन. खोलीत पिंपं. आबासाहेबांनी दाराबाहेर बोट दाखवलं. विहिरीकडेच्या ओळीत पहिलीच वेल होती, सगळ्यांत जुनी. तिच्या बुंध्याशी विष्णुपंतांनी चूळ टाकली.

मग दिवसभर हेच. तीन पळ्या हबशी, एक पळी साहेबी. छे, साहेबी नुसती लाडाची पोर, तिला अर्धी पळीच पुरे. भोकरीचा शिंतोडा टाकल्याबरोबर सगळं मिश्रण ताठ उभं राहिलं. "आमटीत चिंच घालतात ना, तसं," पंत म्हणाले. प्रत्येक घोट फिरवायचा, चार पावलं चालायचं, वेलीच्या बुंध्याशी टाकायचा. आबासाहेबांच्या बायको राहीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. उद्या छाटणी होती. त्या घरची रीत अशी, की छाटणीच्या दिवशी वेलींना एरंडीची पेंड, सुकी मासळी, लेंडीखत घालून होईपर्यंत घरातल्या कुणी घास उचलायचा नाही. आधी वेल जेवणार, मग माणसं.

"आमी कधी उष्टं न्हाई घातलं तिला," राहीबाई हळूच म्हणाल्या.

"उष्टं कसलं, वहिनी," विष्णुपंत हसले, "मी खाल्लंच कुठे? नुसतं चाखलं!"

कोर्टातल्या माणसाशी वाद कोण घालणार? राहीबाई चहा ठेवायला आत गेल्या.

३

छावणीतल्या मेजरसाहेबाने ती वाइन डोक्यावर घेतली. दुसऱ्या वर्षी दसरा झाला आणि आबासाहेबांचा निरोप आला. विष्णुपंत नव्या धोतरात निघाले.

नव्या हंगामाच्या हबशीचा घोट तोंडात घेतल्यावर सुपारी आली, मनुका आल्या, ढेकूळ आलं. आणि त्याच्याही मागे आणखी काहीतरी आलं. विष्णुपंतांनी डोळे उघडले. दुसरा घोट घेतला.

दगडफूल. तीळ. कोरडं खोबरं, जरा जास्त भाजलेलं. आणि चिमूटभर नागकेशर, जे नगरात त्यांच्या माहितीत एकच बाई गोड्या मसाल्यात घालत असे.

"काय झालं, पंत? खराब न्हाई ना झाली?"

"नाही नाही. उत्तम आहे." पंतांना हसू फुटलं. "अहो, आमच्या घरच्या मसाल्याची आठवण झाली. गंमत आहे."

गंमतच ती. जुन्या वेलींच्या रसात शंभर चवी असतात, त्यातली एखादी ओळखीची निघायची. त्यांनी मोठ्या उत्साहाने माप ठरवलं, तसाच दिवसभर चुळा टाकल्या आणि संध्याकाळी घरी येऊन दमयंतीबाईंना ही मजा सांगितली. त्या म्हणाल्या, "माझा मसाला दारूत? शोभलं हो!" आणि दोघं पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी जेवताना विष्णुपंत म्हणाले, "आज दगडफूल घालायचं राहिलं वाटतं."

"घातलंय की."

"जरा कमी असेल."

"रोजच्याएवढंच घातलंय." दमयंतीबाईंनी डबा उघडून दाखवला. वास घ्यायला दिला. विष्णुपंतांनी हुंगलं. डब्यात वाळलेल्या शेवाळाचे तुकडे होते, एवढंच त्यांना कळलं.

पडसं असेल. थंडी सुरू झालीच होती.

४

पडसं थंडीबरोबर जायला हवं होतं, ते गेलं नाही. दिवाळीनंतर तीळ गेले. संक्रांतीला गूळ नुसता चिकट लागला. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं प्याले तेव्हा तोंडात काहीतरी गार ओतलं एवढंच समजलं. विष्णुपंतांकडे कारणांची कमतरता नव्हती. पन्नाशी उलटली, दाढ दुखते, रेशनचा तांदूळ म्हणजे तांदूळ का तो, सरकारी गुळात माती. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "छान आहे की!"

हाच शब्द त्यांनी घरी नेला. दमयंतीबाई खांद्याशी उभ्या राहून विचारत, "कशी झालीय?" आणि विष्णुपंत म्हणत, "छान."

पहिल्यांदा त्या थांबल्या, पुढचं ऐकायला. पुढे काही आलं नाही. महिनाभराने त्यांनी मुद्दाम मीठ घातलंच नाही. "छान झालीय," विष्णुपंत मन लावून भात कालवत म्हणाले. दमयंतीबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन आपल्या पानात मीठ घेतलं. त्यांच्या पाठीकडे बघताना विष्णुपंतांना कळलं की आपण पकडले गेलो आहोत, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिभेचं दुःख होतंच; पण ही बाई आता एक दिवस विचारायचीच थांबेल, या धास्तीने त्यांची झोप उडाली.

तिसऱ्या दसऱ्यानंतर ते कोल्हारला गेले तेव्हा युद्ध संपलं होतं. आबासाहेब मात्र जरा गप्प होते. मेजरसाहेब विलायतेला परतायच्या तयारीत होता, पण जाण्याआधी सगळी पिंपं पाहिजेत म्हणून हटून बसला होता.

"त्याचं काय तरी इचित्रच चाललंय, पंत. वाईनसंगं खानसाम्याकडं भात मागतो. साहेब असून! अन् खानसामा सांगतो, पेला खाली ठिवला की मागं वळून बगतो, अन् म्हनतो, लई चांगली झालीया. त्याच्या भाशेत. मागं कोनी बी नसतं."

"मागे म्हणजे कुठे?"

आबासाहेबांनी आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं.

विष्णुपंतांनी पेला उचलला. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडाला कशाचीही चव नव्हती. घोट आत गेला आणि त्यांना रडूच आलं. आमटी होती. दमयंतीची आमटी, अख्खी. हिंगाची फोडणी, चिंचेचा कोळ, गूळ, नागकेशर, तांब्याच्या पातेल्याची कल्हई, आणि तिच्या हाताला येणारा ओल्या खोबऱ्याचा वास. सगळं जिथल्या तिथे. आणि चव ओसरता ओसरता उजव्या खांद्याशी कुणीतरी पळी घेऊन उभं राहिलं. थांबलं. उत्तराची वाट बघू लागलं.

विष्णुपंतांनी वळून पाहिलं. पिंपं होती.

ते तसेच गाल भरून बाहेर गेले, सवयीने, आणि पहिल्या वेलीच्या बुंध्याशी चूळ टाकली. लख्ख ऊन होतं. विहिरीवर बैल मोट ओढत होते, गडी गात होता. विष्णुपंत वाकले. एवढ्या चुळेने माती भिजायला हवी होती. माती कोरडी होती. त्यांनी पुन्हा आत जाऊन घोट आणला, टाकला, आणि या वेळी नीट बघितलं. ओल मातीवर पसरली नाही. ती एका जागी गोळा झाली आणि बुंध्याच्या सालीखाली चटकन गेली. आणि मग, मोटेच्या कुरकुरीतून, अगदी त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवरून आवाज आला.

टॉक्.

मनापासून आवडलेला घास पोटात गेल्यावर विष्णुपंत टाळ्याला जीभ लावून असाच आवाज करत. गेलं वर्षभर त्यांनी तो केलेला नव्हता.

माप ठरवायचं तसंच टाकून विष्णुपंत मोटारीच्या वाटेला लागले. भगवतीच्या देवळाशी मोटारीची वाट बघत बसले तेव्हा त्यांच्या मनात सरड्यापासून सुतारपक्ष्यापर्यंत सगळी कारणं येऊन गेली.

५

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी दमयंतीबाईंना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं की त्या घाबरतील, निदान रडतील. दमयंतीबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला हिंग कळतो?"

"कुणाला?"

"त्या वेलीला हो."

"कळतो," विष्णुपंत म्हणाले. "फोडणी कधी उतरवली तेही कळतं."

"आणि तुम्हाला वर्षभर काही कळत नाही, आणि तुम्ही मला छान छान म्हणून फसवलंत." आता मात्र त्यांचे डोळे भरले, पण त्यात रागापेक्षा सुटका जास्त होती. "मी म्हटलं माझा हातच बिघडला. अहो, उष्टं घातलंत तुम्ही तिला. लहान मुलाला उष्टं भरवलं की ते आपल्याच ताटाकडे बघत बसतं. तिचा काय दोष? तिला एकदा रीतसर जेवायला वाढू. मग तिच्या पानातलं तुम्ही खा. झाली फिटंफाट!"

कोर्टात इतकी वर्षं घालवून असा सरळ निवाडा विष्णुपंतांनी ऐकला नव्हता. पुढच्या रविवारी दोघं कोल्हारला गेली आणि त्यांनी आबासाहेबांना, राहीबाईंना सगळं सांगितलं. राहीबाईंच्या चुलीवर दमयंतीबाईंनी सोवळ्यात स्वयंपाक केला. दुपारी वेलीच्या बुंध्याशी सडा घातला, रांगोळी काढली, केळीचं पान मांडलं. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, कोशिंबीर; मध्ये भाताची मूद, तिच्या डोक्यात खळगा करून त्यात वरण, वर तूप; आणि द्रोणात आमटी. पानाभोवती पाणी फिरवलं. वेलीच्या खोडाला हळदकुंकू लावलं.

"नैवेद्याकडे बघत उभं राहू नये," त्या म्हणाल्या. चौघांनी पाठ फिरवली. राहीबाई आणि आबासाहेबांनी हात जोडले.

प्रवरेवरून वारा येत होता. मोट त्या दिवशी बंद होती. थोडा वेळ काहीच नव्हतं, आणि विष्णुपंतांना स्वतःचंच हसू आलं. शिरस्तेदार माणूस, भर दुपारी मळ्यात झाडाकडे पाठ करून उभा! एवढ्यात मागे पान सरकलं. मग भात कालवल्याचा ओलसर आवाज. मग भुरका. लांबलचक, तृप्त, पंगतीतला अस्सल भुरका.

आबासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. राहीबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. दमयंतीबाई ताठ उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते विष्णुपंतांनी वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्या पदराआड हसत होत्या.

विष्णुपंतांना राहवलं नाही. त्यांनी खांद्यावरून नजर टाकली. पानाच्या कडेशी, द्रोणाजवळ, काहीतरी ओलं आणि तांबडं होतं. बोटाएवढं असेल, किंवा बरंच लांब असेल आणि तेवढंच बाहेर आलेलं असेल. ते हळूच मुळांच्या आत गेलं. तो कोंब नव्हता. ती जीभ होती असंही विष्णुपंतांनी पुढे कधी म्हटलं नाही.

मूद मोडलेली होती. वरण भातात पार एकजीव कालवलेलं होतं, आणि कुणाच्याही बोटांचा ठसा त्यावर नव्हता.

"खा," दमयंतीबाई म्हणाल्या.

विष्णुपंतांनी देवाचं नाव घेऊन त्या पानातला एक घास उचलला. चावला. आणि ओरडलेच, "मीठ! अगं, मीठ लागलं!"

मग काय, आनंदीआनंद! आबासाहेबांनी त्यांना मिठीच मारली. राहीबाईंनी दोघांना पोटभर जेवू घातलं, दमयंतीबाईंची ओटी भरली. आंबट अजून यायचं होतं, हिंग यायचा होता, पण मीठ आलं म्हणजे पाठोपाठ बाकीचे येणारच. निघताना दमयंतीबाई वेलीपाशी पुन्हा गेल्या. खोडावरून हात फिरवला आणि आयुष्यभर निरोप घेताना प्रत्येकाला म्हणत आल्या तेच त्या म्हणाल्या:

"येते हं. या एकदा आमच्याकडे जेवायला."

विष्णुपंतांनीही मागून मान डोलवली. म्हणायची पद्धतच ती.

६

दुसऱ्या दिवशी कोर्टाला सुटी होती. सकाळीच विष्णुपंतांना चहात आलं कळलं आणि ते लहान मुलासारखे स्वयंपाकघराभोवती घुटमळू लागले. फोडणीचा वास आला. हिंग! त्यांनी मनातल्या मनात उत्तर रचायला घेतलं. वर्षाची थकबाकी होती. आज आमटीवर तिला असं काही ऐकवायचं, की तिने विचारूनही कोरा गेलेला प्रत्येक दिवस भरून निघावा.

हातपाय धुऊन ते आले तर दोन पाट मांडलेले. त्यांना फार बरं वाटलं. आज ती बरोबर बसणार होती तर. मग त्यांच्या लक्षात आलं की रांगोळी दुसऱ्याच पाटाभोवती आहे.

"कोण यायचंय?"

"असं काय करता? आपणच नाही का बोलावलं काल?"

दमयंतीबाईंनी आधी त्या पानावर वाढलं, पाहुण्याला वाढतात तसं. मग विष्णुपंतांना. नवं लुगडं नेसल्या होत्या, गालांवर चुलीची लाली होती. विष्णुपंतांनी शेजारच्या पाटाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि पहिला घास तोंडात घातला.

चव आली. सगळी आली. अंमळ पुढे आलेलं दगडफूल, भाजलेलं खोबरं, नवी चिंच, नेमक्या क्षणी उतरवलेली फोडणी. इतकी सुरेख आमटी दमयंतीने जन्मात केली नव्हती. विष्णुपंतांचं उत्तर ओठांवर येऊन थांबलं. त्यांनी खांद्याशी तिची चाहूल घेतली.

ती तिथे नव्हती. पळी घेऊन ती दुसऱ्या पाटाच्या उजव्या बाजूला उभी होती.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

विष्णुपंतांना काही ऐकू आलं नाही. दमयंतीबाई मात्र मान कलती करून ऐकत होत्या, बराच वेळ, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा फुलत गेला.

"अगं बाई, खरंच? गूळ जास्त झाला का? मला वाटलंच होतं." त्या हसल्या. "आणि नागकेशर? तेही कळलं?"

शेजारच्या पानावरची मूद मोडलेली होती.

"अगं," विष्णुपंत म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "मी सांगू का? आज मला सगळं कळतंय. फोडणी अगदी..."

दमयंतीबाईंनी त्यांच्याकडे न बघताच, फार मायेने, हात वर केला.

"थांबा हं जरा. बोलणं चाललंय."

आणि त्या पुन्हा मान कलती करून ऐकू लागल्या. विष्णुपंत घास तोंडात धरून बसून राहिले. तो गिळला असता तर चव गेली असती, आणि तिने विचारलं तर सांगायला त्यांच्याकडे काहीच उरलं नसतं.